एंजल नाही, कुसुमताई

"सीट खराब होईल," शर्ली मॅडम म्हणाल्या.

मला नाही. ड्रायव्हरला. पण काच खाली होती आणि मी गाडीपासून हातभरावर, फुटपाथच्या कडेला बसले होते. कपाळ फुटलेलं. रक्त डाव्या डोळ्यात उतरत होतं. उजवं मनगट मांडीवर ठेवलं होतं, ते माझं वाटतच नव्हतं. कुणी दुसऱ्याचा हात आणून माझ्या मांडीवर ठेवलाय, असं.

ड्रायव्हर उतरला होता. मागचं दार उघडायला निघाला होता बिचारा. म्हणाला, "मॅडम, खाली टाकतो ना काहीतरी. पेपर टाकतो."

"पेपर कुठाय? आणि सगळं लाइट कलरचं आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू रिक्षा पकड ना. समोरच मिळेल. मी प्रे करते हां तुझ्यासाठी."

आणि खरंच केली. तिथंच. खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या डोक्याच्या दिशेनं धरला, पण लागणार नाही इतका लांब. डोळे मिटले. गाडीतली गार हवा माझ्या तोंडावर येत होती. सवयीनं मीही डोळे मिटले. त्या आमेन म्हणाल्या. मीही आमेन म्हटलं. डोळे उघडले तेव्हा काच वर चालली होती.

ते आमेन मला अजून सलतं. चोरांनी जे केलं त्यापेक्षा जास्त.

मी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. ब्युरोकडून ड्युटी मिळते. त्या दिवसांत गोरेगावच्या एका टॉवरमध्ये एका आजींकडे रात्रपाळी होती. त्यांना कूस बदलून देणं, डायपर, औषधं, पहाटे त्यांचं अंग पुसणं. सकाळी दुसरी बाई आली की मी सुटायची. आमचं घर मालाड पूर्वेला, डोंगराच्या उतारावर. नवरा वसंत, बिल्डिंगांना रंग देतो. मुलगी एस्तेर, बारावी झालेली.

त्या सकाळी बस आली नाही म्हणून हायवेच्या बाजूच्या रस्त्यानं चालत निघाले होते. रात्रभर आजींनी डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. चालता चालता झोप येते माणसाला, मला येत होती. मागून बाइक आली. मागं बसलेल्यानं पर्स ओढली. पर्सचा पट्टा मी आडवा घातलेला, मनगटालाही एक वेढा दिलेला, तशी सवयच होती. तो सुटेना. मी पडले आणि बाइकबरोबर फरफटत गेले.

लोक नंतर विचारायचे, सोडून का नाही दिलीस? सोडायला हातात काही असावं लागतं. पट्टाच मला धरून होता.

तो मागचा माणूस ओरडत होता, "छोड ना मौसी! छोड ना!" त्याच्या आवाजात भीती होती. मग पट्टा तुटला. माझं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. ते गेले. पर्समध्ये मोबाइल, रिकामा डबा आणि घराची किल्ली.

रस्ता रिकामा नव्हता. ऑफिसला निघालेली माणसं होती, शाळेच्या बस होत्या. एकानं व्हिडिओ काढला. एक रिक्षा थांबली, रिक्षावाल्यानं रक्त बघितलं आणि म्हणाला, "पुलिस का लफडा होगा," आणि गेला. मग शर्ली मॅडमची गाडी आली. मी गाडी ओळखली. मला इतका आनंद झाला ती गाडी बघून, की मी रडले. आपलं माणूस आलं, असं वाटलं. पुढचं सांगितलंच.

ही 'आपलं माणूस'ची गोष्ट जरा सांगायला पाहिजे.

आमचं मूळ जालन्याकडचं. गावाबाहेरची वस्ती. आज्यानं येशूला मानलं. माझी आई सांगायची, गावात आज्याला कुणी उंबऱ्यात उभं करत नव्हतं. मग कुठूनसा एक उपदेशक आला आणि त्यानं आज्याला शेजारी बसवलं, एकाच सतरंजीवर. स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं. आज्याला उपदेश काय कळला देव जाणे. सतरंजी कळली. आई म्हणायची, "बाई, तारण म्हणजे दुसरं काय असतं? मेल्यावरचं मेल्यावर. तुझा आजा जित्तेपणी बसला."

वस्तीतली बाकीची घरं नंतर बौद्ध झाली. आमचं एक घर ख्रिस्ती, शेजारचं बौद्ध, भिंत एक. नातीगोती तीच. नाताळला त्यांची पोरं आमच्याकडं करंज्या खायला, पौर्णिमेला आम्ही त्यांच्याकडं खिरीला.

लग्न होऊन मुंबईत आले. गोरेगावला एका ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये आमची मंडळी, म्हणजे चर्च, भरायची. सगळ्यात वर मोठा हॉल, एसी, गाद्यांच्या खुर्च्या, स्टेजवर गिटारी. तिथं इंग्रजी उपासना, शर्ली मॅडम तिथल्या. आमची मराठी उपासना खाली, पार्किंगच्या बाजूच्या खोलीत. गाड्या वळवताना दिवे आमच्या भिंतीवर फिरायचे. प्रभुभोजनाची भाकर, येशूच्या नावानं सगळ्यांनी एकत्र खायची ती, वर उरली की खाली यायची. कुणी असं म्हणायचं नाही की तुम्ही वर येऊ नका. फक्त एकदा आम्ही चौघीजणी वर गेलो होतो, तेव्हा दारातल्या पोरीनं गोड हसून सांगितलं होतं, "आंटी, मराठी सर्व्हिस खाली आहे." आंटींना इंग्रजी कळतं की नाही हे तिनं विचारलं नाही. मला कळतं. बोलता येत नाही, पण इतकी वर्षं मोठ्या घरांत काम केलंय. माणसं आपल्यासमोर आपल्याविषयीच बोलतात, तेव्हा भाषा लवकर येते.

पास्टर म्हणायचे, विहारात पाऊल टाकायचं नाही. जय भीमला जय भीम म्हणायचं नाही. तारण पावलेल्या माणसानं वेगळं राहायचं. मी वेगळी राहत होते. माझीच माणसं चाळीत पलीकडच्या गल्लीत होती, तरी वेगळी.

तर त्या सकाळी काच वर गेली, गाडी गेली. किती वेळ बसले माहीत नाही. मग पांढऱ्या साड्या दिसल्या. मला वाटलं, मेले मी.

पौर्णिमा होती. चार बायका विहारात वंदनेला निघाल्या होत्या. पुढची जी होती, जाडजूड, चष्म्याची, ती पळतच आली. पळताना तिची चप्पल निघाली ती तिनं घेतली नाही. खाली बसली, रस्त्यावरच, आणि पदर माझ्या कपाळावर दाबला. कडक इस्त्रीची पांढरी साडी. मी म्हटलं, "नका, साडी खराब होईल."

"गप गं," ती म्हणाली. "डोळे मिटू नको. माझ्याकडं बघ. नाव काय तुझं?"

नाव सांगितलं.

"कुठली गं?"

"जालन्याकडची."

"मी परभणीची. बघ, शेजारीच निघालो की. डोळे उघड म्हटलं ना!"

त्या कुसुमताई. एका शाळेत शिपाई होत्या, आता रिटायर. त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून रिक्षा अडवली. रिक्षावाला कुरकुरला तर म्हणाल्या, "तुझी आई असती तर? बस, चल, मी आहे ना पोलिसाला उत्तर द्यायला." बाकीच्या तिघी विहारात गेल्या, त्या माझ्याबरोबर आल्या. त्यांची वंदना राहिली.

सरकारी दवाखान्यात अपघात विभागात आम्ही बाकड्यावर बसलो. माझं डोकं त्यांच्या खांद्यावर. गळ्यात माझ्या स्टीलचा क्रॉस आहे, तो बाहेर आला होता. त्यांनी तो बघितला. उचलून परत ब्लाउजच्या आत सारला, हरवू नये म्हणून.

मीच म्हटलं, "मी ख्रिश्चन आहे."

"बरं. टाके पडताना ओरडायचं तर ओरड. लाजू नको."

टाके पडले, प्लास्टर झालं. पोलीस स्टेशनलाही त्याच आल्या. हवालदारानं विचारलं, तुम्ही हिच्या कोण? म्हणाल्या, "बहीण." पाठ असल्यासारखं.

घरी त्या पुन्हा आल्या, मुगाची खिचडी घेऊन. वसंतला म्हणाल्या, "भाऊ, हिला भांडी घासायला लावायचं नाही हां." वसंत लाजला. भांडी त्याच्या हातातच होती.

हात मोडला म्हणून ड्युटी गेली. ब्युरोनं दुसरी बाई पाठवली. आजींनी माझं नाव घेऊन दोन दिवस जेवण टाकलं असं कळलं, पण त्यांच्या सुनेचा फोन आला नाही. दिवसभर घरी पडून राहायची. थकवा हाडात उतरला होता. रात्रपाळ्यांचा, इतक्या वर्षांचा, सगळा एकदम. त्या पडलेल्या दिवसांत मी खूप विचार केला. लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवायची, वाटेत लुटून टाकलेल्या माणसाची. देवाची सेवा करणारे त्याला ओलांडून जातात आणि ज्याला सगळे हलका समजतात तो थांबतो. शेकडो वेळा ऐकली असेल. ऐकताना मी कायम थांबणाऱ्याच्या जागी असायचे. आडवा पडलेला माणूस काय बघतो, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तो खालून सगळ्यांचे पाय बघतो.

पुढच्या आठवड्यात पास्टर भेटायला आले. चाळीत पहिल्यांदाच. दारात बूट काढावे की नाही यात त्यांचा वेळ गेला. म्हणाले, "सिस्टर, प्रभूनं तुम्हाला मरणातून वाचवलं. ही मोठी साक्ष आहे. रविवारी वर सगळ्यांसमोर साक्ष द्याल? शर्ली मॅडम इंग्रजीत भाषांतर करतील. बाहेरचे पाहुणे येणार आहेत."

मी त्यांना सगळं सांगितलं. गाडीचं सोडून. कुसुमताईंचं सांगितलं.

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "ते विहार वगैरे नको. लोक कन्फ्यूज होतात. देवानं मदत पाठवली, एवढं बस. महिमा देवाला गेला पाहिजे."

मी म्हटलं, बरं. दमले होते. दमलेलं माणूस बरं म्हणतं.

आणि दुसरंही होतं. एस्तेरला नर्सिंगला जायचं होतं. शर्ली मॅडमचे मिस्टर एका नर्सिंग कॉलेजच्या ट्रस्टवर होते. ते शब्द टाकणार होते. वसंतनं मला शनिवारी दोनदा आठवण केली, "नीट बोल हां. पोरीचं काम आहे."

रविवारी वर गेलो. दारातली तीच पोर. या वेळी म्हणाली, "वेलकम आंटी," आणि हात धरून पुढं नेलं. मी गळ्यात हात बांधलेली, कपाळावर पट्टी. मला पहिल्या रांगेत बसवलं. हॉल भरलेला. सगळ्यात मागच्या रांगेत आया बसल्या होत्या, साहेबलोकांची तान्ही पोरं मांडीवर घेऊन.

पास्टरांनी माझी ओळख करून दिली, इंग्रजीत. आमची ही बहीण फार बॅकवर्ड समाजातून येते, अंधारातून आली, चिखलातून प्रभूनं तिला उचललं. मी ऐकत होते. माझा आजा डोळ्यापुढं आला, सतरंजीवर बसलेला. चिखल कुठला? आमची वस्ती शेणानं सारवलेली, लख्ख असायची.

माइक हातात आला. शेजारी शर्ली मॅडम, दुसरा माइक घेऊन. त्यांच्या सेंटचा वास. त्या माझ्याकडं बघून हसल्या. एवढं गोड की मला वाटलं, त्या विसरल्यात. मुद्दाम नाही, खरंच विसरल्यात. त्यांच्या लेखी त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली होती. बस.

मी बोलायला लागले. एक वाक्य मी, एक त्या. बाइक आली. पर्स ओढली. मी पडले. त्या छान बोलत होत्या, आवाज कापरा करून. लोक च्च् च्च् करत होते. मी ठरवलं होतं, देवानं मदत पाठवली म्हणायचं आणि खाली बसायचं. पण तोंडातून आलं, "मला कुसुमताईंनी उचललं."

शर्ली मॅडम म्हणाल्या, "अँड गॉड सेंट हिज एंजल!"

लोकांनी हालेलुया म्हटलं.

मी थांबले. म्हटलं, "मॅडम, एंजल नाही. कुसुमताई."

त्यांनी माइक बाजूला धरला. "सेम थिंग गं. पुढं बोल."

"सेम नाही." माझा माइक चालू होता. "त्या मालाडला राहतात. विहारात निघाल्या होत्या. बौद्ध आहेत. त्यांच्या साडीला माझं रक्त लागलं, ते निघालं नाही. एंजलची साडी खराब होत नाही मॅडम. त्यांची झाली. त्यांचं नाव सांगा."

त्या पास्टरांकडं बघायला लागल्या. पास्टर टाळ्या वाजवत पुढं आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं बोलणं संपवायची ती टाळी होती. आयुष्यभर अशा टाळ्यांनी मी खाली बसले असते. त्या दिवशी पाय वाकले नाहीत. शौर्य वगैरे काही नाही. इतकी दमले होते की खोटं बोलायलाही ताकद लागते, ती उरली नव्हती.

मी म्हटलं, "अजून झालं नाही. मॅडम, आता गाडीचं सांगा."

"कुठली गाडी?"

"तुमची."

त्यांचा चेहरा बदलला. आता आठवलं होतं.

"सीट खराब होईल म्हणालात ना, ते इंग्रजीत सांगा. माझ्या तोंडून यांना कळणार नाही. तुम्हीच सांगा."

माइक बंद झाला. मागं कुणीतरी बटण दाबलं. मी बिनमाइकचं बोलले. आजींना ऐकू येत नव्हतं, मोठ्यानं बोलायची मला सवय आहे. "मी फुटपाथवर होते आणि काच वर गेली!" हॉलमध्ये मराठी कळणारे होतेच. मागच्या रांगेतल्या आया बघत होत्या. एकीच्या मांडीवरचं पोर रडायला लागलं, तिनं त्याला उगी केलं नाही. माझ्याकडंच बघत राहिली.

गिटारी सुरू झाल्या. मी खाली उतरले आणि चालत दारापर्यंत गेले. वसंत मान खाली घालून मागून आला. जिन्यात म्हणाला, "संपलं सगळं." एस्तेर घरी गेल्यावर बोलली. "मम्मी, तुला एक दिवस गप्प बसता नाही आलं? माझ्यासाठी?" ती खोटं बोलत नव्हती. तिचं गेलंच. कॉलेजमधून कळवलं, जागा भरल्या. एक वर्ष ती मेडिकलच्या दुकानात उभी राहिली. यंदा पुन्हा अर्ज करतेय, दुसरीकडं. माझ्याशी आता बोलते. पण त्या वर्षाची किंमत माझ्या लेकीनं भरली, मी नाही. हे मी कुणालाही गोड करून सांगणार नाही.

पास्टर परत आले. या वेळी मंडळीतल्या एका वडील माणसाला घेऊन. म्हणाले, मंडळीची शांती भंग झाली, वर येऊन माफी मागा. शर्ली मॅडम फार दुखावल्यात. माफी मागेपर्यंत प्रभुभोजन घेता येणार नाही.

"क्षमा हा आपला पाया आहे सिस्टर," ते म्हणाले.

"क्षमा मी केली," मी म्हटलं. "मॅडमना पण केली, चोराला पण केली. तो निदान मौसी म्हणाला. पण माफी कशाची मागू? झालं ते सांगितलं त्याची?"

"तुमच्या तारणाची मला काळजी वाटते."

वसंत दारात उभा होता. मला वाटलं तो म्हणेल, माग गं, संपव. तो म्हणाला, "पास्टर, चहा घेणार का? नाहीतर मला कामावर जायचंय." त्यांनी चहा घेतला नाही.

ते गेल्यावर मी बराच वेळ तशीच बसले. तारणाची काळजी. वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी कोण होते? चोर. सगळ्यात आधी ज्याला स्वर्गाचा शब्द मिळाला, तो चोर होता. त्याला कुणी पास्टरांची परवानगी विचारली नाही. मग मला कोण अडवणार? ज्यांनी मला गाडीत जागा दिली नाही, ते स्वर्गात जागा देणार?

कुसुमताईंना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, सोड तो धर्म, आमच्यात ये. म्हणाल्या, "तुझा येशू तुझा आहे बाई. त्यांचा थोडाच आहे? तू का सोडतीस? तू काय चोरलंस का तो?" आणि लसूण सोलायला बसल्या. माझ्या हाताला अजून सोलता येत नव्हता.

मी विहारात गेले एकदा त्यांच्याबरोबर. पाठीमागं सतरंजीवर बसले. जय भीमला जय भीम म्हटलं. माझा येशू काही रागावला नाही. माझ्या आज्याला ज्यानं बसवलं, तो मला बसल्याबद्दल कसा रागवेल?

आता हात चालतो. पुन्हा ड्युटीवर जाते, मुलुंडला एका आजोबांकडे. थकवा आहेच. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि तो जावा म्हणून मी प्रार्थनाही करत नाही. माझी मागणी आता एवढी लहान राहिलेली नाही.

मी धर्म सोडणार नाही. मंडळीही सोडणार नाही. मी सोडली तर त्यांना बरंच आहे. येत्या रविवारी मी जाणार आहे, पण खाली पार्किंगला नाही. वर. दारातली पोर काय म्हणते ते ऐकून घेईन आणि आत जाईन. पुढच्या रांगेत बसेन. पोटाला भूक लागल्यावर आपण जसा हात पुढं करतो, तसा प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी हात पुढं करेन. दिली तर खाईन. नाही दिली तर हात मागं घेणार नाही. देणाऱ्याला मला ओलांडून जावं लागेल. पाहुण्यांसमोर, आयांसमोर, सगळ्यांसमोर. जाऊ दे त्याला ओलांडून. दर रविवारी जाऊ दे. मी दर रविवारी येईन.

माफी मागणार नाही.